ओट्यावरचं अपडेट

रविवारी सकाळी ओट्यावर बेसनाच्या डब्याला खेटून कॉम्प्युटर येऊन बसला, तेव्हाच वच्छलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती.

"मोबाइलवर नाही का होत हे?" त्यांनी विचारून पाहिलं.

"मोबाइलवर?" खुशालराव वायर सोडवता सोडवता म्हणाले. "पुण्याच्या बाया आहेत त्या. एवढ्याशा खिडकीतून पातोडी दाखवशीन काय त्यायले? मोठा पडदा पाह्यजे. कॅमेरा पाह्यजे. तू फक्त पातोड्या कर, बाकीचं मी पाहतो."

बाकीचं खुशालराव पाहणार म्हटल्यावर घरात कोणी बोलत नसे. पाटबंधारे खात्यात असताना अख्ख्या अमरावती कचेरीत कॉम्प्युटरला पहिला हात लावणारा माणूस हा. निवृत्त झाल्यापासून कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी यांची 'आजची टिप' यायची. शिवाय पुतण्या अंकुरच्या वेबसाइटवर ते लेख लिहायचे. लेख वाचून लोक भरभरून आभार मानतात अशी त्यांची समजूत होती, आणि ती खरी आहे की नाही हे पाहायला ते परत कधी तिकडे फिरकले नव्हते. त्यांना पुढच्या लेखाची घाई असायची.

आजचा कार्यक्रम मात्र वच्छलाबाईंचा होता. मुलगी आरती पुण्यात राहते. तिच्या ओळखीच्या बायकांच्या मंडळाला वऱ्हाडी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा शिकायचा होता, आणि आरतीनं आईचं नाव सुचवलं. दुपारी बाराला ऑनलाइन सुरुवात. त्याचं एक रंगीत पत्रकही आलं होतं : 'वच्छलाताईंची पातोडी'. एवढ्या वर्षांत या बाईचं नाव छापलं गेलं ते लग्नपत्रिकेत आणि रेशन कार्डावर. ते पत्रक त्या आठवडाभर दोन बोटांनी मोठं करून पाहत होत्या. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून 'नमस्कार, मी वच्छला' हे वाक्य त्यांनी एवढ्यांदा म्हटलं होतं, की शेजारच्या रहिमाबीलाही ते पाठ झालं होतं.

साडेदहाला सगळं तयार होतं. कांदा, खोबरं, खसखस भाजून झाली होती, आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. अपडेट तयार आहे. आता करायचं की नंतर?

'नंतर म्हणणं हा आळस आहे,' असं खुशालरावांनीच एका टिपेत लिहिलं होतं. त्यांनी विचार केला. कार्यक्रमाच्या मधातच यानं अपडेट काढलं तर? बाईच्या पातोड्या पाण्यात आणि आपली इज्जत अमरावतीपासून पुण्यापर्यंत. त्यापेक्षा आताच उरकून टाकावं. त्यांनी बटन दाबलं. पडदा निळा झाला, गोल गोल ठिपके फिरू लागले, आकडा तीस टक्क्यांपर्यंत आला आणि तिथंच ठाण मांडून बसला.

"किती वेळ चालते हे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"होते ना. दम धर."

दम धरून झाला. सव्वाअकरा वाजले तरी तीस म्हणजे तीस. खुशालरावांचा स्वतःचा मोबाइल सकाळपासूनच्या तपासण्यांनी मान टाकून पडला होता, म्हणून त्यांनी बायकोचा उचलला आणि शोधायला लागले. आधी नुसत्या जाहिराती आल्या. मग त्यांना आपलीच टिप आठवली. इंटरनेटला विचारताना आपल्या मनातल्या नेमक्या शब्दांत विचारावं आणि ते शब्द अवतरणचिन्हांत घालावेत. त्यांनी घातले : "अपडेट अडून बसलं तर काय करावं". एकच उत्तर आलं, पण अगदी शब्दाला शब्द.

"पाह्य," खुशालराव खुलले. "कोण आहे कोण जाणे, पण माणूस जाणकार आहे. भाषा पाह्य किती सोपी आहे. आपल्या मनातलं लिहिलं यानं."

जाणकारानं सर्वांत आधी पेलाभर पाणी प्यायला सांगितलं होतं. खुशालरावांनी ते प्यायलं. पुढं पॉवरचं बटन दाबून धरायचं होतं. तेही धरलं. कॉम्प्युटर बंद झाला, परत सुरू झाला, आणि पडद्यावर नवा मजकूर आला : अपडेट जमलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका.

"बंद नको करू म्हणून राहिला तो," वच्छलाबाई म्हणाल्या. तेवढं इंग्रजी त्यांना वाचता येत होतं.

"त्याले काय समजते? इथं पुढं लिहिलं आहे. अशा वेळी घरातला मेन स्विच बंद करून परत चालू करावा, म्हणजे आत साचलेली विजेची मरगळ निघून जाते."

विजेला मरगळ येते हे वच्छलाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. पण त्या काही म्हणायच्या आत खुशालराव ओसरीत पोचले होते. त्यांनी मेन स्विच खाली केला. मग वर केला. फट्‌ असा आवाज झाला आणि फ्यूज गेला. पंखा थांबला, वायफायचा दिवा विझला आणि मरगळीसकट सगळी वीज निघून गेली. इन्व्हर्टर त्या घरात नव्हता.

बाराला थोडाच वेळ उरला होता. वच्छलाबाई नव्या साडीत, हातात उलथनं घेऊन अंधारलेल्या ओट्यापाशी उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या एवढंच म्हणाल्या, "आरतीले कळवा. म्हणा, आईले जमलं नाही."

खुशालरावांनी हे ऐकलं. 'आईला' जमलं नाही म्हणे. घाईघाईनं त्यांनी मोबाइलवर तो लेख खाली सरकवला. पुढं काहीतरी उपाय असेलच. उपाय नव्हता. लेख संपला होता आणि खाली लेखकाचं नाव होतं : खुशालराव, अमरावती. दोन वर्षांपूर्वीचा लेख. त्याखाली कोणाचीतरी प्रतिक्रिया होती : 'भाऊ, तुमचं वाचून कम्प्युटर बंद केला होता. तो बंदच आहे. राग नका मानू. – रऊफ'. एवढं वाचून होईतो वच्छलाबाईंचाही मोबाइल संपला.

तेवढ्यात दारातून हाक आली. "खुशालभाऊ, तुमचीच लाइन गेली का? आमची तं आहे." शेजारचे रऊफभाई होते. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे.

खुशालराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. "रऊफभाई, तुमचा कॉम्प्युटर सध्या कसा आहे?"

रऊफभाई इकडंतिकडं पाहू लागले. "चांगला आहे की. कापूस मोजाचा काटा ठेवला आहे त्याच्यावर. एकदम बरोबर उंची भेटली."

"मले तोंडानं सांगतलं काहून नाही?"

"आता काय सांगू भाऊ. तुमी रोज सकाळी एवढ्या जीवानं टिप पाठवता. म्हटलं, कम्प्युटर काय, दुसरा घेता येते."

खुशालराव माफी मागायला पुढं झाले. पण वच्छलाबाईंना तेवढा वेळ नव्हता. "रऊफभाई, तुमचा मोबाइल चालू आहे ना? अन् रहिमाबी घरी आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बेसनाचा डबा रऊफभाईंच्या हातात दिला. "चला. अवो, तुमी ते गंज-पातेले घ्या. मोबाइलले मात्र हात नका लावू."

बारा वाजून गेले होते, पण फार नाही. शेजारी रहिमाबीनं आपला ओटा पुसून ठेवला होता. आरतीचा नंबर पाठ होता; तिच्याकडून रऊफभाईंच्या मोबाइलवर लिंक मागवली आणि तो साखरेच्या डब्याला टेकवला. आरतीचा चेहरा दिसला आणि तिच्यामागोमाग पुण्याच्या बायकांच्या लहान लहान चौकटी. वच्छलाबाईंच्या तोंडातून शब्द फुटेना. मग रहिमाबीच हळूच म्हणाली, "नमस्कार, मी वच्छला," आणि त्या दोघी हसल्या, आणि पुढचं आपोआप सुरू झालं.

एवढ्याशा त्या खिडकीतून पातोडी छान दिसत होती. वच्छलाबाई पीठ घोटत होत्या, रहिमाबी ताटाला तेल लावून देत होती. खुशालराव कोपऱ्यात कोथिंबीर निवडत बसले होते. ते काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण काहीतरी करावंसं वाटत होतं.

"काकू," एका चौकटीतून नाजूक प्रश्न आला, "बेसन घोटताना मध्येच गुठळ्या झाल्या, तर नेमकं काय करायचं?"

"काई करू नका," वच्छलाबाई म्हणाल्या.

पुण्याच्या बायका पडद्याजवळ सरकल्या.

"खरंच सांगतो बापा. आपण काय करतो, घाबरतो अन् सारखं उलथनं घालून राहतो. त्यानंच ते बिघडते. गॅस बारीक करा, झाकण ठेवा, अन् बाजूले व्हा. थे त्याचं त्याचं शिजते."

चौकटींमध्ये हसू फुटलं. दोघीतिघींनी ते लिहून घेतलं. कोपऱ्यात खुशालरावांचा हात कोथिंबिरीच्या जुडीवर तसाच थांबला.

संध्याकाळी रऊफभाईंनी फ्यूजची तार बसवून दिली. कॉम्प्युटर ओट्यावरून परत टेबलावर गेला. खुशालरावांनी तो सुरू केला, पाण्याचा पेला घेतला नाही, कोणतंही बटन दाबून धरलं नाही. नुसते बाजूला जाऊन बसले आणि उरलेला रस्सा पोळीशी खाल्ला. जेवण होईतो पडदा उजळला. अगदी सकाळसारखा. सगळं जागच्या जागी, आणि कोपऱ्यात तीच चौकट : अपडेट तयार आहे. आता करायचं की नंतर?

आयुष्यात पहिल्यांदा खुशालरावांनी 'नंतर' दाबलं.

मग त्यांनी आपला तो लेख उघडला. खोडून टाकावा असं मनात आलं, पण ते अंकुरच्या हातात होतं, आणि अंकुर अकोल्याला एका लग्नात नाचत होता. म्हणून त्यांनी रऊफभाईंच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं : 'रऊफभाई, माफ करा. वर लिहिलेलं काहीही करू नये. अपडेट अडून बसलं तर झाकण ठेवा आणि बाजूला व्हा. ते त्याचं त्याचं शिजतं. – खुशालराव, अमरावती.'

बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी चांगलं लिहिलं असं त्यांना वाटलं. ते समाधानानं पडद्याकडे पाहत बसले.

आतल्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावून वच्छलाबाई खाटेवर आडव्या झाल्या होत्या; सकाळचा तो लेख त्यात अजून उघडाच होता. त्या काहीतरी टाइप करत असल्याचा टकटक आवाज येत होता. मग तो थांबला, आणि खुशालरावांच्या नावाखाली एक नवी ओळ उगवली :

'हे माझं आहे. माझं नाव टाका. – वच्छला, अमरावती.'