चार बोटं सरकवलेलं कपाट

कपाट चार बोटं डावीकडे सरकवायचं, एवढंच ठरलं होतं.

ठरवणारे गृहस्थ वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या काट्यांतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या चुका ऐकायच्या, असा त्यांचा पंधरा वर्षांचा क्रम. हे घर घेण्याआधी त्यांनी ते तीनदा तपासलं होतं. भिंतींवर टकटक केली, दिवे लावून पाहिले, फरशीवर गोटीसुद्धा ठेवून पाहिली. (गोटी घरंगळत पलंगाखाली गेली. ती काढण्याच्या नादात, ती घरंगळली का, हे विचारायचं राहून गेलं.)

आधीचे मालक म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. चाव्या देताना त्यांनी स्वयंपाकघरातल्या भल्यामोठ्या लाकडी कपाटावरून हात फिरवला आणि गहिवरून म्हणाले, "हे मी नेत नाही. हे या भिंतीचंच आहे. इथेच राहू द्या." तपासनीसांचेही डोळे पाणावले. आजच्या काळात कोण कुणाला असं कपाट देतं, असं ते आठवडाभर ऑफिसात सांगत होते.

मास्तर हौशी होते आणि घरातलं सगळं काम स्वतःच्या हातानं करत, हे राहायला आल्यावर हळूहळू उमगत गेलं. न्हाणीघरातला नळ बंद करायला गेलं की जोरात सुटे. पंख्याचं बटण दाबलं की दारावरची बेल वाजे, आणि दारावरची बेल दाबली की काहीच होत नसे. भिंतींवर सहा कॅलेंडरं होती, त्यांतली पाच जुन्या वर्षांची आणि सहाच्या सहा ओलीवर. पण सगळ्यांवर कडी केली ती पुढच्या दारानं. आतून दोन्ही हातांनी वर उचलून ओढलं तरच ते उघडे. बाहेरून कितीही ढकला, ढिम्म. त्यामुळे आठ दिवसांत नवरा-बायको दोघं मिळून कुठेच गेले नव्हते. एकानं घरात राहणं भाग होतं.

तसंही बायकोला फार हिंडवत नव्हतं. नववा महिना सरत आला होता. थोरली मुलगी मामाकडे पाठवली होती आणि सासूबाई मंगळवारी यायच्या होत्या. रविवारी सकाळी बायको कंबरेवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "या कपाटाचं दार उघडलं की पोटाला लागतं. कुणाला तरी बोलवून चार बोटं सरकवून घ्या."

"चार बोटांसाठी माणूस?" तपासनीस म्हणाले. (घरोघरीचे बरेचसे अपघात या एका वाक्यापासून सुरू होतात.)

त्यांनी कपाटाला पाठ लावली, पाय भिंतीला रोवले आणि जोर केला. पहिल्यांदा काहीच हललं नाही. दुसऱ्यांदा कंबर हलली. तिसऱ्यांदा कपाट चार बोटं सरकलं आणि मग, आता निघालोच आहोत तर, म्हणून आणखी दोन हात गेलं.

त्याच्या मागे भिंतीला भोक होतं. भोक म्हणजे खिळ्याचं नव्हे. कलिंगड आरपार जाईल एवढं. पलीकडून त्यावर पत्र्याचं झाकण टेकवलेलं होतं. तपासनीसांनी बोटानं जरासं ढकललं तर ते खणखणत खाली पडलं आणि समोर दुसऱ्याच कुणाचं तरी स्वयंपाकघर दिसू लागलं. टेबलाशी एक वयस्क बाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. शेजारच्या सिस्टर त्या. प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. येता-जाता नमस्कार झाला होता, तेवढीच ओळख.

"कपाट सरकवलंत वाटतं," मान वर न करता त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फळी ठोकायला भिंतीत छिन्नी घातली होती आणि ती सिस्टरांच्या साखरेच्या डब्यातून बाहेर आली, असं त्या सांगू लागल्या. उद्या बुजवतो म्हणाले होते. त्याला अकरा वर्षं झाली. मग दोघांनाही सवय झाली. मास्तर इकडून पेपर देत, सिस्टर तिकडून चहा. भोकापुढे कपाट आलं ते घर विकायला काढल्यावर.

इथं शहाण्या माणसानं गवंड्याला फोन केला असता. पण तपासनीस पडले तपासनीस. भिंतीची जाडी किती, मधे सिमेंट आहे की नाही, हे पाहायला त्यांनी डोकं आत घातलं. सिमेंट नव्हतं. नुसत्या मातीत रचलेल्या विटा होत्या. एवढं पाहून ते परत निघाले आणि कानांशी अडले. जाताना कान मुकाट्यानं मागे दुमडले होते, येताना मात्र ते आडवे आले.

"मास्तर पण डोकं घालायचे का हो?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"घालायचे. त्यांचे कान लहान होते."

सिस्टरांनी त्यांच्या कानांना साबण लावला. साबण डोळ्यांत गेला, कान जिथल्या तिथे. तेवढ्यात मागून, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरातून, बायकोचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का?"

"ऐकतोय. दिसत काही नाही."

"मला वाटतं, वेळ झाली."

"जेवायची?"

 खुर्ची सरकल्याचा आणि दीर्घ श्वासाचा आवाज तेवढा आला. पहाटेपासून कंबर दुखत होती, पण सामान लावलं म्हणून दुखत असेल, असं समजून ती गप्प बसली होती. तपासनीसांना मटकन खाली बसावंसं वाटलं. पण गळा भिंतीत असल्यामुळे तीही सोय नव्हती.

सिस्टरांनी पेपर घडी करून ठेवला. तपासनीसांच्या कानाशी तोंड नेऊन, त्यांना ओलांडून पलीकडे विचारलं, "बाई, कळा किती वेळानं येताहेत?"

"आता थांबतच नाहीत."

सिस्टरांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. अर्धा तास लागेल म्हणाले. मग त्या लगबगीनं बाहेर गेल्या, आणि पुढच्या दारावर धडका बसत असल्याचं तपासनीसांना ऐकू आलं. दार अर्थातच ढिम्म. खिडक्यांना गज. आतून दार उचलणारा माणूस घरात एकच, आणि तो असा.

दोन मिनिटांत सिस्टर परत आल्या त्या खलातला बत्ता घेऊन. तपासनीसांनी डोळे मिटले.

"घाबरू नका. तुमच्या बाजूनं येते," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डाव्या कानाशेजारच्या विटेवर घाव घातला.

ती भिंत मजबूत असती तर काय झालं असतं, हा विचार आजही त्यांच्या अंगावर काटा आणतो. पण मास्तरांच्या भिंतीतल्या विटा, फडताळातून पुस्तकं काढावीत तशा एकेक निघून आल्या. पाहता पाहता जमिनीपर्यंत वाट झाली. आणि मग वरून थोडी माती गळली, काहीतरी करकरलं, आणि तपासनीसांच्या मानेवर भार आला.

"आता हलू नका," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीखाली त्यांनी स्टूल सरकवलं, वर उशी ठेवली. "वरच्या विटा तुमच्यावर टेकल्यात. तुम्ही हललात तर सगळं त्या बाईच्या अंगावर येईल."

आणि साठी उलटलेल्या सिस्टर गुडघ्यांवर रांगत तपासनीसांच्या बगलेखालून त्यांच्या घरात गेल्या.

पुढची चाळीस मिनिटं तपासनीसांनी सिस्टरांच्या निवत चाललेल्या चहाकडे बघत काढली. पाठीमागे बायको कण्हत होती. हात पुरेल एवढ्याच अंतरावर ती होती, पण वळता येत नव्हतं. त्यांनी नुसताच हात मागे लांबवला. थोड्या वेळानं बायकोनं तो धरला. असा धरला, की नंतर आठ दिवस त्यांना ऑफिसात सही करता आली नाही.

"थोडंच राहिलंय," सिस्टर म्हणत होत्या. "शाबास. अजून एकदा."

मग एकदम शांत झालं. त्या शांततेत त्यांनी आयुष्यभर न आठवलेले सगळे देव आठवले. आणि मग पाठीमागून एक बारीक, चिडका, खणखणीत आवाज आला. भिंतीत अडकलेल्या तपासनीसांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. (साबण गेला होता, हे ते अजूनही सांगतात.)

"मुलगी," सिस्टर म्हणाल्या. "दोघी ठणठणीत."

ॲम्ब्युलन्सचे लोक दार उघडेना म्हणून सिस्टरांच्या घरातून आले. भिंतीतून बाहेर आलेलं, चुन्यानं पांढरं झालेलं, रडणारं डोकं पाहून त्यांनी स्ट्रेचर तिथंच टेकवलं. एकानं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"त्यांना काही झालेलं नाही," पलीकडून सिस्टर म्हणाल्या. "ते भिंत धरून आहेत."

शेवटी विटांना फळीचा टेकू देऊन तपासनीसांना बाहेर काढलं. मान वाकडी ठेवूनच ते बायकोजवळ गेले. तिनं गुंडाळलेली मुलगी त्यांच्या हातात दिली. ते सिस्टरांच्या पायाशी वाकायला गेले, तर मान तिथंच अडकली आणि सिस्टरांनाच त्यांना सरळ करावं लागलं.

पुढे गवंड्यानं भिंत पक्की बांधली, पण त्यात एक छोटं दार ठेवलं. बायकोनंच तसं सांगितलं. त्याला कडी कुठल्याच बाजूनं नाही. सिस्टर आता बाळाला न्हाऊ घालायला त्यातूनच येतात. मास्तरांचा एकदा फोन आला. कपाट जागेवर आहे ना, असं त्यांनी घाबरत विचारलं. तपासनीसांनी सगळी हकीकत सांगून त्यांचे भरभरून आभार मानले.  मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे गच्चीवर अजून गेला नाहीत."

महिन्याभरानं जन्माची नोंद करायला तपासनीस, बायको आणि सिस्टर अशी तिघं कचेरीत गेली. घरीच बाळंतपण झालेलं, म्हणून तिथल्या कारकुनानं बारकाईनं चौकशी केली. प्रसूती कुणी केली, किती वाजता, कुठल्या खोलीत. सिस्टर एकेक उत्तर देत होत्या. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती.

"जन्माच्या वेळी वडील घरात हजर होते?" कारकुनानं विचारलं.

तपासनीस ताठ बसले. सिस्टरांनी क्षणभर विचार केला.

"हजर होते," त्या म्हणाल्या. "पण डोकं ठिकाणावर नव्हतं."

कारकुनानं चष्म्यावरून तपासनीसांकडे एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि सहीसाठी कागद बायकोपुढे सरकवला.