तिसऱ्या वर्षाचं भोक

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता, पण त्याला घाबरायचं काही कारण नव्हतं. तो फक्त सह्या करायचा. जंगलाचा कारभार नगरपरिषद बघायची, आणि नगरपरिषदेचे विभाग होते. वाटांचा विभाग, सावलीचा विभाग, आणि आपल्या गोष्टीतला पाणवठा विभाग.

पाणवठा विभागाचे प्रमुख होते दौलतराव गवा. अंगाने प्रचंड, स्वभावाने गरीब. त्यांच्या हाताखाली केवडाबाई नावाची पाणमांजर होती. तळ्याच्या बांधाची देखभाल तिच्याकडे. रोज सकाळी ती बांधावरून चालत जायची, कुठे माती सैल दिसली तर पायाने दाबायची, आणि घरी जायची. अकरा वर्षं हेच. कोणाला तिची आठवण म्हणून यायची नाही. यावरूनच समजा, की काम चांगलं चाललं होतं.

त्या वर्षी वरून हुकूम आला. आतापर्यंत अंदाजपत्रक वर्षाचं वर्षाला व्हायचं. आता प्रत्येक विभागाने पाच वर्षांचं एकदम करायचं. लिहून दिलेलं मिळेल, लिहायचं राहिलेलं मिळणार नाही.

हुकूम वाईट नव्हता बरं का. केवडाबाईला तर तो आवडलाच. तिला वाटलं, आता पावसाळ्याआधीच मातीची सोय होईल.

दौलतरावांनी तिला बोलावून विचारलं, येत्या पाच वर्षांत बांधाचं काय काय बिघडणार आहे. ती म्हणाली, ते आजच कसं सांगणार? पण एक गोष्ट बिघडलेली आहे. खेकड्याने पूर्वेच्या बाजूला पेरूएवढं भोक पाडलंय. दोन टोपल्या चिखलाचं काम आहे.

दौलतरावांना भरून आलं. बाकीच्या विभागांकडे दाखवायला काही ना काही होतं. वाटांकडे खड्डे होते, सावलीकडे वठलेली झाडं होती. पाणवठ्याकडेच काही नव्हतं, आणि आता भोक मिळालं होतं. त्यांनी ते पाच वर्षांत नीट बसवलं. पहिल्या वर्षी भोकाची पाहणी, दुसऱ्या वर्षी भोकाबद्दल सल्लामसलत, तिसऱ्या वर्षी दुरुस्ती, चौथ्या वर्षी दुरुस्तीचं मूल्यमापन. पाचवं वर्ष राखीव. नगरपरिषदेच्या समितीने शेपट्या हलवून मंजुरी दिली.

आता बांधाखाली कोण राहायचं? भागूबाई साळिंदर, तिच्या तीन पिल्लांसह. तिच्या बिळात ओल यायला लागली होती. धाकट्याला खोकला झाला. हे केवडाबाईला रोज जाता-येता ऐकू यायचं. एका दुपारी कचेरी जेवायला बसली असताना तिने दोन टोपल्या चिखल नेला, भोकात कोंबला, वर नाचून घट्ट केला, आणि पाय धुऊन जागेवर येऊन बसली.

पुढच्या आठवड्यात पाहणी पथक आलं. बांधावरून तीनदा गेलं, तीनदा आलं. भोक सापडेना. दौलतरावांचा चेहरा उतरला. तेव्हा केवडाबाईने आपण काय केलं ते त्यांना सांगून टाकलं.

“कोणाला विचारून?”

“साहेब, पाणी गळत होतं.”

“ते तिसऱ्या वर्षापर्यंत गळायचं होतं.”

दौलतराव दुष्ट नव्हते. त्यांनी तिला बाजूला बसवून समजावलं. भोक नाही, तर तरतूद नाही. तरतूद नाही, तर विभाग कशाला? सावलीचा विभाग पाणवठ्याला गिळायला टपूनच बसला होता. बोलताना त्यांचा डावा कान थरथरत होता. केवडाबाईला त्यांची दया आली. पथकानेही समजून घेतलं आणि अहवालात लिहिलं, ‘भोकाची स्थिती समाधानकारक.’

दुसरं वर्ष उजाडलं. पाऊस भरपूर झाला आणि बांधाच्या पश्चिम टोकाला खरोखरचं भोक पडलं. हे फणसाएवढं होतं. दोन टोपल्यांनी भागणारं नव्हतं. दगड हवे होते, डझनभर जनावरं हवी होती. केवडाबाई धावत दौलतरावांकडे गेली.

त्यांनी योजना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग दुःखाने म्हणाले, की योजनेत भोक एकच आहे आणि ते पूर्वेला आहे. हे योजनेबाहेरचं भोक. पुढच्या पाच वर्षांत मात्र ते नक्की पहिल्या क्रमांकावर घालू.

केवडाबाई बांधाखाली गेली. भागूबाईच्या बिळात पाणी शिरलं होतं. ती पिल्लांना घेऊन एका वारुळावर बसली होती. तिने धाकट्याला आणखी वर सरकवलं.

केवडाबाई तशीच परत फिरली, आणि आजवरच्या नोकरीत पहिल्यांदा खोटं बोलली.

“साहेब, माझी चूक झाली. हे दुसरं भोक नाही. आपलंच भोक आहे. सरकलंय.”

दौलतरावांनी योजना पुन्हा उघडली.

“किती सरकलंय?”

“चारशे पावलं.”

त्यांनी लिहून घेतलं. समिती तातडीने बसली. सरकतं भोक आजवर कुठल्याच जंगलाच्या योजनेत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना अभिमान वाटला. भोक सरकलं म्हणून दुरुस्तीही सरकवली, तिसऱ्या वर्षातून दुसऱ्यात. सकाळी दगड आले, बारा रानडुकरं आली, आणि संध्याकाळपर्यंत भोक बुजलं. भागूबाईचं बीळ चार दिवसांत सुकलं. तिने केवडाबाईला एक भलामोठा कंद आणून दिला. केवडाबाईने तो खाल्ला, पण तिला त्याची चव काही लागली नाही.

समितीने चौकशी केली, की भोकाची हालचाल प्रथम कोणाच्या लक्षात आली. अशी नजर बांधावर वाया घालवायची नाही, असं ठरलं. केवडाबाई नियोजन अधिकारी झाली. जांभळाखालची गार जागा मिळाली.

ती त्या कामात हुशार निघाली. तिने पुढच्या योजनेत चौदा भोकं घातली. त्यातलं एकही अजून पडलेलं नव्हतं, आणि नऊ सरकती होती. बांधावरून चालायला कोणी हवं, हे मात्र लिहायचं राहून गेलं, आणि लिहायचं राहिलेलं मिळत नव्हतं.

नवी योजना सुरू होऊन दोन पावसाळे गेले. एक दिवस भागूबाई जांभळाखाली येऊन उभी राहिली. पाय चिखलाने भरलेले. तिने सांगितलं, की पुन्हा पाणी शिरलंय, मधल्या बाजूने.

केवडाबाईला खरंच वाईट वाटलं. तिने भागूबाईला बसवलं, द्रोणात पाणी दिलं, योजना उघडली आणि ओळीवरून बोट फिरवलं.

“मधलं भोक आहे ना, भागूबाई. आहे. पण ते चौथ्या वर्षाचं आहे.”

भागूबाई पाणी प्यायली, द्रोण खाली ठेवून निघून गेली. त्याच दिवशी ती पिल्लांना घेऊन टेकडीपलीकडच्या जंगलात राहायला गेली.

त्या वर्षीच्या मूल्यमापनात केवडाबाईने स्वतःच्या हाताने लिहिलं, की बांधाखालून आता एकही तक्रार येत नाही.

तात्पर्य: मुलांनो, संकट येण्याआधीच त्याची तयारी करून ठेवावी. एकदा तयारी झाली, की त्याला दिलेल्या वर्षापर्यंत थांबणं ही संकटाची जबाबदारी आहे.