फिदेलिनाच्या पांढऱ्या दगडाची मोहीम

स्वस्ति. ग्वातेमाला मुलखी, धुक्याच्या डोंगरात सान होआकिन कसबा. तेथे निवडणुकीचे साली एका दगडापायी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत घडली तैसी लिहितो.

त्या मुलखी राज्य करणारे पक्ष निवडणुकीस उगवतात आणि निकालानंतर वाळतात, मग पुढल्या खेपेस तेच सरदार नव्या निशाणाखाली दाखल होतात. रस्त्यावरील खांब आणि दगड ज्याच्या रंगाचे, त्याचा अंमल, ऐसा रिवाज. त्या साली दोन फौजा ठाकल्या: नगराध्यक्ष राजश्री एल्विदिओ बार्रिएंतोस यांचा नारिंगी कोंबडा, आणि खताच्या दुकानवाल्या नीनेटबाई ओरेयाना यांचे हिरवे कणीस.

घाटाच्या वळणावर एक थोरला दगड होता. हर्मेलिंदो चाकोन यांचे कुटुंब फिदेलिना हिने तो दरसाल मीठ घातलेल्या चुन्याने रंगवावा, कारण धुके उतरले म्हणजे हर्मेलिंदोस घराचे वळण दिसत नसे आणि तो थेट पुढल्या गावी जाऊन पोहोचे. मागल्या साली फिदेलिना वारली. तिच्या वर्षाच्या प्रार्थनेस दगड पांढरा असावा, एवढाच त्याचा मनसुबा.

परंतु कणसाने हल्ला करोन दगड हिरवा केला, मग कोंबड्याने छापा घालोन नारिंगी केला. हर्मेलिंदोने चुना कालवला आणि पांढरा केला. पुन्हा हिरवा, पुन्हा पांढरा, पुन्हा नारिंगी, आणि पुन्हा पांढरा, ऐसे रंगाचे थर चढोन दगड लठ्ठ जाहला.

मग हेरांनी खबर आणली की तिसरा पक्ष उठला आहे, रंग पांढरा, भाषण नाही, वचन नाही, छपराचे पत्रे वाटणे नाही, सबब भारी धोका. रयतेनेही विचार केला की जो काहीच देतो म्हणत नाही तो खोटे बोलत नसणार, आणि दारचे खांब पांढरे केले. तेव्हा दोन्ही सरदार घाबरे होऊन, एक पत्रे घेऊन आणि एक खताची पोती घेऊन, एकाच सकाळी हर्मेलिंदोच्या दारी दाखल जाहले.

"हर्मेलिंदोकाका, उमेदवार कोण तेवढं सांगा," एल्विदिओ म्हणाले. "आपण युती करू."

"उमेदवार कसला? दगड फिदेलिनाचा आहे."

"अहो, पण ती तर वारली," नीनेटबाई म्हणाल्या.

एल्विदिओंनी अंमळ विचार केला. "म्हणजे तिच्यावर कोणी आरोप करणार नाही."

"आणि ती पक्षही बदलणार नाही," नीनेटबाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढली.

हर्मेलिंदो म्हणाला, "मला काही नको. रविवारी तिची प्रार्थना आहे. दगडाला हात लावू नका."

काही न मागणारा मनुष्य उभयतांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. यात खोल मसलत आहे, ऐसे जाणोन त्यांनी तेथेच तह केला: पांढरा पक्ष दोघांचा दोस्त, दगडास कोणी ब्रश लावू नये. मग दोन्हीकडील शिबंदी दगडापाशी बसली, आणि एकमेकांच्या रंगाच्या डब्यांवर नजर ठेवोन मक्याचे तामाल खात राहिली.

निवडणूक कोणी जिंकली, ते या बखरीत लिहावयाचे कारण नाही. रविवारी प्रार्थना आटोपली, धुके उतरले, आणि हर्मेलिंदो एकटा घाट उतरोन आला. दगड दिसला. तो वळला. घरात दिवा नव्हता, चूल थंड होती, परंतु वाट चुकली नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, नमूद असे.