धाकटे काका वेक्टर होतात

"चिंगे, दिवाणखान्याची भिंत रिकामी आहे," बाबा फोनवर म्हणाले, "आणि रविवारी मी पंच्याहत्तर पूर्ण करतोय."

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध, ते चिंगीला पटकन कळेना. ती एका छपाईच्या दुकानात डिझायनर होती आणि त्या क्षणी एका दंतवैद्याच्या पाटीवरची दाढ पांढरीशुभ्र करण्यात गुंतली होती. वयानं चाळिशीला टेकली तरी घरातलं तिचं नाव काही मोठं व्हायला तयार नव्हतं.

"भिंतीवर काय हवंय, बाबा?"

"आम्ही चौघं. एका फोटोत. बाकी मला काही नको."

चौघं म्हणजे थोरले काका, बाबा, आत्या आणि धाकटे काका. या भावंडांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. कधी एक जण जेवायला बसलेला असे, कधी दुसरा गाडी लावायला गेलेला. गेली नऊ वर्षं तर तो विषयच संपला होता. आत्याच्या निवृत्तीच्या समारंभात धाकटे काका भाषणाला उभे राहिले आणि पहिल्या रांगेत थोरले काका झोपले. नुसते झोपले असते तर खपून गेलं असतं, पण ते घोरले, आणि समोरच्या माइकनं ते घोरणं शेवटच्या रांगेपर्यंत इमानेइतबारे पोचवलं. तेव्हापासून दोघा भावांत अबोला होता. एक येणार असेल तिथं दुसरा फिरकत नसे. बाबांच्या मनाला हे फार लागलं होतं. पण तसं सरळ बोलतील तर ते बाबा कसले! ते भिंतीबद्दल बोलत.

"त्यांना एका खोलीत आणणं माझ्या हातात नाही," चिंगी म्हणाली, "पण एका फोटोत आणते."

तिच्या दृष्टीनं हे डाव्या हाताचं काम होतं. प्रत्येकाचा फोटो मागवायचा, कडेकडेनं कापायचा आणि वेगळ्या लेअरवर ठेवायचा. लेअर म्हणजे एकावर एक रचलेल्या काचा. एका काचेवर काका, दुसरीवर आत्या. कुणालाही सरकवा, पुढे घ्या, मागे टाका, एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही. या कुटुंबासाठी याहून सोयीची व्यवस्था कुणाला सुचली नसती.

थोरल्या काकांचा फोटो ठीक होता. आत्याचा सहलीतला होता, धबधब्यातून तिला सोडवून घ्यायला जरा वेळ गेला इतकंच. धाकट्या काकांनी मात्र वाचनालयाच्या ओळखपत्रावरचा फोटो पाठवला, बोटाच्या पेराएवढा. चार फुटी चित्रासाठी चिंगीनं तो ताणला आणि काकांचे चौकोन झाले. नाक तीन चौकोनांचं, मिशी पाच चौकोनांची.

"काका, दुसरा फोटो नाही का?"

"याला काय झालं? यात मी हसतोय."

हसू दोन चौकोनांत होतं. चिंगीनं नाद सोडला आणि काकांना वेक्टरमध्ये काढायला घेतलं. फोटो हा रास्टर असतो, बारीक रंगीत ठिपक्यांचा. फार ताणला की ठिपके उघडे पडतात. वेक्टर म्हणजे रेषांनी आखलेलं चित्र. ते पोस्टाच्या तिकिटाएवढं करा नाहीतर इमारतीएवढं, रेघ तशीच स्वच्छ राहते. दोन तासांत धाकटे काका तयार झाले. गाल गुळगुळीत, मिशी तुकतुकीत, आणि सुरकुत्या काढत बसायला वेळ नव्हता म्हणून सुरकुती एकही नाही.

तिनं ते चित्र फक्त बाबांना दाखवायला पाठवलं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं.

पहिला फोन आत्याचा. "अगं, तो तर कॉलेजात जाणारा दिसतोय! मला का तशी नाही केलीस?"

"आत्या, तुमचा फोटो मोठा होता, त्याची गरजच नव्हती."

"गरज कुणाला आहे ते मी ठरवीन. आणि हनुवटी एकच ठेव."

दुसरा फोन थोरल्या काकांचा. त्यांनी आधी हवापाण्याची चौकशी केली. मग घसा खाकरला.

"त्या माणसाला तू काय केलंयस म्हणे?"

"वेक्टर केलंय, काका."

"आणि मी कोण आहे?"

"तुम्ही रास्टर."

मग काका दुखावल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे घरात सगळ्यांत मोठा मी, आणि मीच रास्टर?"

चिंगीनं समजावून पाहिलं की हा मानपानाचा प्रश्न नाही, ठिपक्यांचा आहे. पण काकांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली होती. श्रेणी दिसली की वरची मागायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी ती म्हणाली, "बरं, करते तुम्हालाही वेक्टर."

"कर. आणि त्यात केसांना काही जास्त कष्ट पडतात का?"

"नाही."

"मग थोडे घाल."

केस घातल्याची बातमी धाकट्या काकांपर्यंत कशी पोचली, देव जाणे. त्यांनी तातडीनं आपले केस दाट करून मागितले. थोरल्यांनी मग भांग मागितला. आत्याला आपली लेअर सगळ्यांच्या वर हवी होती, आणि दोघा काकांना एकमेकांपासून हातभर लांब. चिंगी दुकानात बसून नाइलाजानं केस पेरत होती. मधले बाबाच तेवढे खरे राहिले तर शेजारी विचित्र दिसणार, म्हणून तिनं त्यांनाही वेक्टर करून टाकलं. जुने फोटो मात्र तिनं पुसले नाहीत. तिच्या हाताला तशी सवयच नव्हती. चौघांचे रास्टर, थोरल्यांचे केसांचे दोन फसलेले प्रयोग, आत्याची एक जादा हनुवटी, सगळं त्याच फाइलमध्ये खालच्या लेअरवर लपवून ठेवलेलं होतं. लपवायचं म्हणजे यादीत लेअरच्या नावापुढे डोळ्याचं एक चिन्ह असतं, ते बंद करायचं. डोळा मिटला की लेअर दिसत नाही.

शनिवारी दुपारी तिनं फाइल छपाईच्या मशीनजवळच्या संगणकावर नेऊन ठेवली. छपाईला देण्याआधी सगळ्या लेअर एक करायच्या, म्हणजे लपवलेल्या गळून जातात, हे ती बाकीच्यांना ओरडून सांगत असे. तेवढ्यात आत्याचा फोन आला, नाकाबद्दल. ती बोलत बाहेर गेली.

परत आली तेव्हा दुकानाचे मालक मशीनपाशी कृतार्थ चेहऱ्यानं उभे होते.

"लावून टाकली छपाईला. तुझ्या वडिलांचं काम, म्हटलं आपणच करू."

"अहो, पण..."

"घाईत तुझ्याकडून राहिलं होतं बघ. अर्ध्या लेअरचे डोळे मिटलेले. मी सगळे उघडले."

चार फुटी कागद तोवर अर्धा बाहेर आला होता. समोर चौघं गुळगुळीत, आणि प्रत्येकाच्या खांद्याआडून त्याच माणसाचा खरा, सुरकुतलेला चेहरा डोकावत होता. थोरल्या काकांचा केसांचा एक फसलेला प्रयोग आत्याच्या डोक्यावर जाऊन बसला होता. जादा हनुवटी बाबांना मिळाली होती.

"पुन्हा छापू या ना!" चिंगी रडकुंडीला आली.

"कागदाचा रोल संपला. आता सोमवारी. पण भरलेलं कुटुंब दिसतंय हं," मालक म्हणाले.

रविवारी सकाळी चिंगी ती गुंडाळी काखेत मारून बाबांकडे गेली. बाबांना एकट्याला गाठून माफी मागावी, असा तिचा विचार होता. पण दारात चपलांचा ढीग. ग्रुपवरच्या चित्रांवर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. दुसऱ्याला आपल्यापेक्षा किती केस दिलेत, हे मोठ्या आकारात तपासायला थोरले काका आले होते. त्याच कामासाठी धाकटेही आले होते. दोघं खोलीच्या दोन टोकांना, दोन खिडक्यांतून बाहेर पाहत उभे. आत्या मध्ये बसून दोघांवर लक्ष ठेवत होती. बाबा कुणाशी काय बोलावं ते न कळून सगळ्यांना पाणी विचारत होते.

"उघड," आत्या म्हणाली.

उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चित्र भिंतीवर लागलं. चिंगी मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहू लागली.

थोरले काका चष्मा पुसून पुढे आले. स्वतःच्या केसांकडे त्यांनी पाहिलंच नाही. धाकट्याच्या तुकतुकीत गालामागून जो चौकोनी, पांढऱ्या मिशीचा माणूस डोकावत होता, त्याच्याकडे ते पाहत राहिले.

"अरे," ते हळूच म्हणाले, "तू कधी इतका म्हातारा झालास?"

"तू झोपला होतास तेव्हा," धाकटे काका म्हणाले.

मग थोरले काका फिसकन हसले. धाकटे आवरायचा प्रयत्न करत होते, पण तेवढ्यात आत्यानं चित्रातल्या आपल्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "हा टोप कुणाचा गं?" आणि मग कुणाचंच कुणाला आवरेना. थोरले काका डोळे पुसत सोफ्यावर बसले. हसून पाय गळाल्यामुळे धाकट्यांनाही बसणं भाग होतं, आणि सोफा एकच होता.

चिंगीनं फोटोसाठी घाईघाईनं फोन काढला.

"तू काय उभी राहतेस? ये इथं," आत्यानं तिला हाताला धरून खाली ओढलं. "चार दिवस आमचे नखरे सोसलेस."

"आण तो फोन इकडे, मी काढतो," बाबा म्हणाले. बटण सापडायला त्यांना जरा वेळ लागला, पण फोटो निघाला.

जेवणं झाली, मंडळी पांगली, आणि मग चिंगीनं तो फोटो नीट पाहिला. तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा! यात तुम्हीच नाही!"

"हो की," बाबा म्हणाले.

"थांबा, तुमचा एक फोटो काढते. कापून वेगळ्या लेअरवर घेते आणि मधे बसवते." तिनं फोटो मोठा करून जागा शोधायला सुरुवात केली. थोरल्या काकांचा हात धाकट्यांच्या खांद्यावर होता, आत्या दोघांवर रेलली होती आणि ती स्वतः आत्याच्या कुशीत. बोट शिरायला फट नव्हती. "यांना थोडं सरकवावं लागेल. काकांना जरा डावीकडे घेतलं तर..."

"खबरदार, कुणाला हलवलंस तर!" बाबांनी फोन तिच्या हातातून काढूनच घेतला. आपली खुर्ची ओढून त्यांनी ती बरोबर भिंतीसमोर ठेवली आणि तीत ऐसपैस बसले. "सोमवारी हाच छाप, आहे तस्सा. मी समोर बसलोय की इथं. झाले चौघं."