संयोगिताकाकूंचं अनुमोदन

"सोमवारी दिवा लागेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. उघडलंस, तर केलेलं समदं पाण्यात!" सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी संयोगिताकाकूंच्या कानात तो आवाज दर सोमवारी घुमायचाच, आणि त्या मौन पाळायच्याच.

उचगावातल्या त्यांच्या अपार्टमेंटची कमिटी यंदा संसदेसारखी निवडायची होती. कमिटीचे अध्यक्ष हंबीररावांनी टीव्हीवर कुठल्याशा देशाची संसद बघितली. तिथं म्हणे जागा धर्मवार वाटलेल्या. "भांडणच न्हाई!" म्हणत त्यांनीही हिंदू, बौद्ध, मुसलमान, जैन अशा जागा पाडल्या. वर नियम केला: उमेदवाराला दुसऱ्या धर्माच्या माणसानं सभेत तोंडी अनुमोदन द्यायचं, आणि त्याचं नाव आधी कळवायचं.

बौद्धांच्या जागेला तळमजल्यावरची निशा उभी होती. तिच्या सासूबाई विठाबाई चाकाच्या खुर्चीत आणि दारापुढं तीन पायऱ्या. कमिटीत शिरल्याशिवाय तिथं रॅम्प होणार नव्हता.

"काकू, तुमचं नाव दिलंय," निशा सांगायला आली.

"मी बोलतो की! काळजी सोड."

सभा रविवारी होती. पण रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा सोडून येतंय कोण? हंबीररावांनी ती सोमवारी दुपारवर ढकलली.

"निशाताईंना अनुमोदन?" हंबीररावांनी सभेत विचारलं.

काकूंनी हात वर केला.

"तोंडानं बोला की वैनी. नियम हाय."

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, मग वर देवाकडं दाखवलं.

"आपल्याला गप बसा म्हणत्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

काकूंनी घाबरून दोन्ही हात हलवले आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"अस्सं!" हंबीरराव म्हणाले. "सोताच उभ्या ऱ्हात्यात व्हय? मग आधी सांगायचं! आपली हिंदूंची एक जागा मोकळीच हाय."

जैनांच्या राजवर्धननं लगेच अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. बौद्धांची जागा रिकामी राहिली आणि काकू बिनविरोध निवडून आल्या.

दिवा लावून त्या तशाच खाली धावल्या.

"निशा, अगं माझा सोमवार..."

"म्हाईत हाय, काकू." निशा कपबशा विसळत राहिली. "देवाचा शब्द पाळलासा. बरं झालं."

"जाऊ दे गं," आतून विठाबाई म्हणाल्या. "उद्याच्या पौर्णिमेला बी विहारात जायचं न्हाई, एवढंच."

काकूंना आता बोलायला मोकळीक होती. त्या तशाच आत शिरल्या.

"विठाआक्का," त्या म्हणाल्या, "उद्या तुमी जायाचंच. मी नेतो."

सकाळी पूजेच्याही आधी काकूंनी पाहुण्यांच्या पलंगावरची गादी गुंडाळली, खालची रुंद फळी उचकटली, पदर खोचला आणि ती काखेत मारून हळूहळू जिना उतरून निशाच्या दारापुढच्या पायऱ्यांकडं निघाल्या.