डावा पाय हजर आहे

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझं काहीही चुकलेलं नाही. पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याची शक्यता आहे, म्हणून आत्ताच सांगितलेलं बरं.

कुवेतमध्ये फरवानियातल्या आमच्या ऑफिसात रिसेप्शनवर अफ्रीन बसते. दर महिन्याला ती सलॉनमध्ये हात-पाय करून येते आणि दुसऱ्या दिवशी फोनसुद्धा असा उचलते, की समोरच्याला नखं दिसलीच पाहिजेत. एकदा तिने मलाही चला म्हटलं आणि वर तिथला भाव सांगितला. तेवढ्यात माझ्या घरची महिन्याची भाजी आली असती! मी तिथेच सगळ्यांदेखत जाहीर केलं, की लिंबू-साखरेवर याहून सरस काम मी घरी करून दाखवीन. तीन वर्षांनी गौरी-गणपतीला नाशिकला निघाले होते. सासरच्या झाडून सगळ्या बायका माझे हात बघतील, असा माझा बेत होता.

"दाखवा," अफ्रीन म्हणाली. शेजारी उभा असलेला अश्रफ नुसता हसला.

हा अश्रफ आमचा स्टोअरकीपर, चिपळूणचा. त्याचं आणि माझं भांडण जुनं. मी अ‍ॅडमिन बघते. पूर्वी हजेरीची वही होती आणि वहीत अश्रफ रोज वेळेवर यायचा. म्हणून मी मुदीरना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, पटवून दाराशी अंगठ्याचं यंत्र बसवलं. तेव्हापासून अश्रफचा अंगठा 'लागत नाही'. खोकी उचलून बोटं झिजली म्हणे. मग मी नियमच काढला. ठसा नाही तर हजेरी नाही. कारणं ऐकली जाणार नाहीत. लागोपाठ तीन गैरहजेऱ्या पडल्या, की मंजूर झालेली रजासुद्धा रद्द. देवाने दिलेलं बोट रोज लागतंच, लागत नाही म्हणणारा उशिरा आलेला असतो, असं मी त्याला चारचौघांत ऐकवलं होतं.

आता शुक्रवारच्या सुट्टीकडे येऊ. दुपारी मी वाडग्यात लिंबू, साखर, खायचा सोडा, तांदळाची पिठी आणि पिकलेल्या पपईचा गर कालवला. माझा नवरा परीक्षित जाता जाता हे खायचं की लावायचं, असं विचारून झोपायला गेला. मी दोन्ही हातांना लेप थापला. वाळल्यावर वजरी घेतली. आईने लग्नात दिलेली, नाशिकच्या भांडीबाजारातली अस्सल पितळी वजरी! पंचवीस वर्षांच्या टाचेचा निबरपणा जी काढते, ती बोटांचा का नाही काढणार? मी एकेक बोट घासलं. अफ्रीनचा चेहरा डोळ्यांसमोर आणून जरा जास्तच घासलं.

हात असे झाले म्हणता! बोटांची टोकं इतकी गुळगुळीत, की चहाचा कप दोनदा निसटला. मोबाइलने माझं बोट ओळखलं नाही, पण मोबाइल जुना आहे असं मी धरून चालले.

मग पाय. इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापून थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं, हे कुवेतमध्ये पहिल्या वर्षीच कळतं. आंघोळीला आम्ही गीझर बंद ठेवून गरमच्या नळाचं, गीझरच्या टाकीत निवलेलं पाणी घेतो. पण पेडिक्युअरला कोमट पाणी लागतं, मग गीझरची वीज कशाला जाळा? मी थंडच्या नळाखाली टब भरला आणि एवढ्यात ते निवलं असेल असं धरून ऐटीत उजवा पाय आत सोडला.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने परीक्षित जागा झाला, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी जमीन ठोकून विचारपूस केली. पुढे बर्फ घालून उजव्या पायाचं सगळं यथासांग पार पाडलं. डावा पाय मात्र काही केल्या टबाकडे येईना. त्याने सगळं पाहिलं होतं. मीही आग्रह केला नाही. बुटात कोण बघतंय?

रविवारी सकाळी ऑफिसच्या दारात अंगठा ठेवला. "प्लीज ट्राय अगेन," यंत्र म्हणालं. पुसून ठेवला. "प्लीज ट्राय अगेन." मग तर्जनी, मधलं बोट, करंगळी, दुसऱ्या हाताची फौज. दहाही बोटांना यंत्राने तेच सुनावलं. मागे रांग लागली. रांगेतून अश्रफने अदबीने सुचवलं, की मॅडमनी हात धुऊन यावं, थोडं तेल लावून बघावं, आणि तरीही लागत नसेल तर घरून जरा लवकर निघावं. तिन्ही सल्ले माझेच होते. मी त्याला वेळोवेळी दिलेले.

सोमवारीही तेच. आता दोन गैरहजेऱ्या पडल्या होत्या. मंगळवारी तिसरी पडली, की रजा रद्द, नाशिक रद्द, गौरी माझ्यावाचून बसणार. यंत्राचा पासवर्ड माझ्याकडेच आहे, गुपचूप हजेरी टाकता आली असती. पण संध्याकाळी अश्रफ टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात कोरी वही.

"मॅडम, माझाबी असाच व्हायचा. झिजतो अंगठा. वही सुरू करूया परत," तो म्हणाला. "पयली सही तुमची."

त्याचा आवाज चक्क मायेचा होता. तेच मला सहन होईना. मी सांगितलं, की अंगठा लागेल, वही घेऊन जा. आता पासवर्डाने चोरून हजेरी टाकायची सोय उरली नाही.

घरी परीक्षित म्हणाला, मुदीरना सरळ सांगून टाक. काय सांगू? वजरीने हजेरी घासून काढली? मला रडू येत होतं. तिकीट काढलं होतं, सासूबाईंनी माझ्या हातच्या पुरणपोळ्यांचं गावभर सांगून ठेवलं होतं. मी टीपॉयवर पाय टाकून मुसमुसत होते, आणि तेवढ्यात माझी नजर डाव्या पायाच्या अंगठ्यावर गेली. राकट, कोरा, लेप न लागलेला. त्यावर ठसठशीत रेषा!

मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोचले. यंत्र भिंतीवर छातीच्या उंचीला. अफ्रीनची खुर्ची ओढून घेऊन बसले, वर-खाली करायच्या दांड्याने उंच केली, बूट-मोजा काढला आणि पाय उचलला. खुर्चीला चाकं होती, हे मी विचारात घेतलं नव्हतं. तेवढ्यात अफ्रीन आली. एकही प्रश्न न विचारता तिने खुर्चीची पाठ धरली. गुणी मुलगी आहे. नवीन नोंद करायला यंत्र तेच बोट तीनदा मागतं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा पाय उचलला आणि दार उघडून मुदीर आत आले, बरोबर एक मोठं गिऱ्हाईक, मागे अश्रफ.

मुदीरना बघून अफ्रीन सलाम करायला वळली. खुर्ची सुटली. मी पंजा पुढे करून भिंतीवर आदळले.

"थँक यू," यंत्र म्हणालं.

मुदीरनी माझा अंगठा पाहिला. भेगाळलेली टाच पाहिली. गिऱ्हाइकानेही पाहिली.

"मॅडम शलाका, ये क्या है?"

"अटेंडन्स, सर. ठसा नाही तर हजेरी नाही." हे मी बसल्या जागेवरून, पाय वरच ठेवून, ताठ मानेने सांगितलं.

"मशीनने लिया?"

"लिया."

"खलास," ते म्हणाले, म्हणजे विषय संपला, आणि गिऱ्हाइकाला घेऊन केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी यंत्राखाली स्टोअरमधलं एक भक्कम लाकडी खोकं ठेवलेलं होतं, बसायला. अश्रफने आणलेलं. "चाकावरनं पडाल कधीतरी," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग येईना, आणि याचाच फार राग आला.

माझी रजा शाबूत राहिली. निघण्याआधी परीक्षितने लाडाने सलॉनचं कूपन आणलं. मी परत करायला लावलं. त्या बायकांनी डाव्या पायाला हात लावला असता तर माझी नोंद गेली असती! खरं सांगायचं तर एव्हाना हाताचे ठसे परत आलेत. मोबाइल बोटाने उघडतो. पण ऑफिसात मी अजून पायच लावते. हात लावला, तर अंगठा कधी झिजतो आणि कधी बरा होतो, हे अश्रफचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल. ते होणे नाही.

नाशिकला पोचल्यावर वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी आशीर्वाद दिला. माझे हात त्यांनी पाहिलेच नाहीत. खाली बघत राहिल्या. मग विचारलं, अगं, उजवा पाय एवढा सुरेख, आणि डाव्याची ही काय दशा?

"तो नोकरीला आहे," मी म्हटलं आणि पुरण घाटायला गेले.