एब म्हणजे घर

कुरिअरवाल्यानं खालून "सर घरी आहेत का?" विचारलं, की आमचे शेजारी नंदनवार सर आधी विभक्ती ठरवतात. "घरी म्हणजे सप्तमी. एबदे." मग दार उघडतात. तोवर कुरिअरवाला पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

सर महाल भागातल्या शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाले आणि पुढं त्यांना एका शब्दानं धरलं. तुर्की भाषांची जी आद्य पूर्वज भाषा, तिच्यात घराला म्हणे 'एब' म्हणत. 'म्हणे' अशासाठी, की त्या भाषेतलं अक्षरही कुठं लिहिलेलं सापडत नाही. पंडितांनी आजच्या भाषांवरून मागं जात जात हा शब्द जुळवला.

"तुर्कस्तानात 'एव', उझबेकांत 'उय', किरगिझांतही 'उय'. सारे एकाच घरचे आहेत गा," सर मला समजावत. एका वास्तुपूजनात त्यांनी यजमानांना सगळ्या विभक्ती ऐकवल्या. एबके, घराकडे. एबदे, घरात. 'घरातून'पर्यंत पोचले तेव्हा यजमान खरोखरच घरातून निघून गेले होते.

"जगातल्या साऱ्या घरांची चौकशी करते हा माणूस," नंदनवार काकू म्हणत. "पोरीच्या घराची तेवढी नाही."

त्यांची मुक्ता डॉक्टरकी शिकायला किरगिझस्तानात गेली आणि तिथल्याच वर्गमित्राशी लग्न करून राहिली. "या घरात पाय ठेवू नको," सर तेव्हा फोनवर म्हणाले होते. एबचं प्रकरण त्यानंतरच सुरू झालं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना सोडून.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी मला बातमी सांगितली, ती सरांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुक्ता नवऱ्याबरोबर दिल्लीला येणार होती आणि दिल्लीहूनच परत जाणार होती.  दुपारी सर माझ्याकडे आले.

"मले फोन लावून दे."

"मुक्ताला?"

"लाव तर."

फोन जावयानं उचलला. सरांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता एबपासून सुरुवात होणार.

"उयगो केल," सर म्हणाले. मग पुन्हा, हळू, "उयगो केल." किरगिझमध्ये 'घरी ये'.

 पलीकडून अडखळत, परक्या उच्चारांची मराठी आली. "येऊन राहिलो, मामाजी. मुक्ता रडून राहिली."

सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडं तोंड केलं.

"त्याले विचार गा," ते म्हणाले, "तिखट चालते का."